मेलेल्यांच्या नावाचं पान

सकाळी उठल्यावर आमची माय आधी कपाळावर खुरीस, म्हणजे क्रूस, काढायची की आधी गडग्यापलीकडे बघायची, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही एकदमच चालायचं. उजवा हात कपाळाकडून छातीकडे येत असायचा आणि डोळे मागच्या पडवीतून पास्कूमामाच्या कौलांवर लागलेले असायचे. कौलांतून धूर निघाला तर "बरा" म्हणून ती चुलीकडे वळायची. नाही निघाला तर उरलेली प्रार्थना तोंडातल्या तोंडात भराभर उरकायची आणि दिवसभर भांड्यांवर राग काढायची. आपटलेल्या टोपाच्या आवाजावरून मी आणि लुसी, म्हणजे माझी थोरली बहीण, ओळखायचो, की आज मामाकडे चूल पेटलेली नाही.

तारकर्लीच्या पुढे खाडीच्या कडेला आमची वाडी होती. आठदहा घरं ख्रिस्तांवांची, बाकीची हिंदूंची, आणि सगळ्यांच्या अंगणात सारखीच सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी. माझे वडील बोटीवर भांडारी होते. जगभरच्या लोकांना रांधून घालायचे आणि दोनतीन वर्षांनी घरी आले की मायच्या कढीत मीठ कमी आहे म्हणायचे. आम्ही त्यांना पापा म्हणायचो. गावात सालू भांडारी. ते नसताना घर माय चालवायची. तिला वाचता येत नव्हतं. रविवारच्या मिशेच्या वेळी पाद्रीबाबांचं प्रवचन सुरू झालं की तिला डुलकी लागायची आणि मी कोपर मारलं की "आयकतंय मगे" म्हणायची. संध्याकाळचा तेर्स, म्हणजे रोजची जपमाळ, ती म्हणायची, पण मध्येच "मांजर बग गो, बांगड्यार बसला!" असं ओरडून पुन्हा नमन मारियेवर यायची. अशा बाईला कोणी धार्मिक म्हणेल का? आमच्या वाडीत कोणी म्हणत नव्हतं. मी म्हणते. आता माझं वय झालंय, मला कोण अडवणार!

पास्कूमामा म्हणजे पापांचा सख्खा मामा, माझ्या आजीचा धाकटा भाऊ. त्यांची आई मामा लहान असतानाच गेली, म्हणून आजीनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला, लग्न करून दिलं, आणि शेजारीच घर बांधायला जागा दिली. आजी होती तोवर दोन्ही घरांमध्ये साधं कुंपणसुद्धा नव्हतं. आजी गेली आणि पापांनी सुट्टीत येऊन चिऱ्यांचा गडगा घातला. नेमका एक माड त्या गडग्याच्या रेषेत आला. पापांनी गडगा जरा वाकवून माड आपल्या बाजूला घेतला. मामा म्हणाला, "तो माड माजो, माज्या हातान लायलेलो." पापा म्हणाले, "माज्या आवयच्या जाग्यातलो, तो तुजो कसो?" एवढंच. पुढे मात्र दोघांनी कुणाला बोलूच दिलं नाही. मे महिन्यात वाटेवरच्या खुरसाकडे लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, होती, सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन जमलेली, आणि मामाने भर गर्दीत खुरसावर हात ठेवला. "आजपासून सालूच्या घरच्या अन्नाक आनी पाण्याक मी शिवलंय तर माका ह्या खुरसाची आण." पापाही कमी नव्हते. म्हणाले, "आनी तू माज्या दारात इलस तर मी भायर!" झालं! एका माडासाठी दोन गाढवं देवाच्या साक्षीने बांधली गेली. गाढवं हा शब्द माझा नाही, मायचा आहे. ती तो दोघांच्याही तोंडावर वापरायची.

पापा बोटीवर निघून गेले, त्यांचं काय जातंय? मामा मात्र उतरणीला लागला. तो रांपणीचा माणूस, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांतला. पुढे त्याचे हात थरथरायला लागले, दोर धरवेना, आणि रांपणीत न ओढणाऱ्याला वाटा कोण देणार? एकुलता एक मुलगा बोटीवर गेला तो गेलाच. घरात मामा आणि आनमामी, दोघंच. पेज असली तर पेज, नाहीतर पाणी पिऊन झोप. पण कुणापुढे हात पसरायचा नाही, ही मामाची ऐट. वाडीतलं कोणी काही घेऊन गेलं की म्हणायचा, "आताच जेवलंव."

मायने काय कमी उपाय केले? मला वाटीत कढी देऊन पाठवलं. आनमामीने वाटीकडे बघितलं ते मी अजून विसरले नाही, पण तिने हात पुढे केला नाही. "तेंची शपथ ती माजी पण, गो चेडवा," म्हणाली, आणि आतून मामा ओरडला, "व्हर परत!" मग मायने वेगळी शक्कल काढली. नारळ पाडायला पाडेली आला की त्याला सांगायची, "त्या गडग्यावयल्या माडाचे नारळ पल्याड टाक. चुकान पडले म्हणान सांग." पाडेली बिचारा धडाधड नारळ मामाच्या अंगणात टाकायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळे नारळ गडग्यावर ओळीने मांडून ठेवलेले! माय ते हातात घेत नव्हती, कारण घेतले तर हरली. मामा खाली उतरवत नव्हता. पावसाळ्यात त्या नारळांना गडग्यावरच कोंब फुटले. येणारेजाणारे हसायचे. माय हसायची नाही. तिला त्या कोंबांपलीकडचं धूर नसलेलं कौल दिसायचं.

शेवटी ती इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली. मला बरोबर घेऊन गेली, कारण शुद्ध मराठीत बोलावं लागलं तर पोरगी असावी. पाद्रीबाबा चांगले होते, पण नियमाचे. म्हणाले, "बाई, शपथ ज्याने घेतली त्याने येऊन सांगितलं पाहिजे की मला यातून मोकळं करा. दुसऱ्याने सांगून भागत नाही."

"तो मरतलो पाद्रीबाब, पण इचारूचो नाय," माय म्हणाली.

"मग प्रार्थना कर."

"करतंय," माय म्हणाली आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना मात्र पुटपुटत होती, "प्रार्थना तर मी रोज करतंय. पण तेंच्या चुलीक लाकडा लागतत, तांदूळ लागतत. त्या देवान माका हात कित्याक दिल्यान मगे?" त्या वेळी मला ती देवाशी भांडतेय असं वाटलं. आता वाटतं, तीच तिची प्रार्थना होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात लुसीचं लग्न ठरलं, आरोंद्याच्या घरात. पापा लांब सुट्टी काढून आले. अंगणात माटव उभा राहिला, नारळाच्या झावळ्यांचा. घरभर भाजलेल्या रव्याचा, गुळाचा आणि माणसांचा वास. आमच्यात लग्नाच्या आधी भिकाऱ्यांचं जेवण घालतात. नाव असं असलं तरी ते भीक घालणं नव्हे. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाने एक पान मांडायचं आणि त्यावर एखाद्या गरिबाला बसवून जेवू घालायचं. तो जेवला की मेलेलं माणूस जेवलं. यजमानाने स्वतः त्यांच्या हातावर पाणी घालायचं, आणि ते जेवून, आशीर्वाद देऊन उठेपर्यंत घरातल्या कोणी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ते झाल्याशिवाय नवरीला नारळाचा रोससुद्धा लावत नाहीत, आमची ती हळदच. हल्ली लोक हे आश्रमात पाकिटं पाठवून उरकतात. माझ्या नातवाच्या लग्नात तसंच केलं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

तर लग्नाची तयारी चाललेली, आणि माय पडवीत बसून कुणाच्या पानावर कोण याचा हिशोब जुळवत होती. समोर इंतरू म्हातारी बसलेली. ही खाडीपलीकडची निराधार बाई. आमच्या भागात लग्नं भरपूर आणि मनासारखे भिकारी कमी, त्यामुळे मे महिन्यात इंतरूला रोज कुठे ना कुठे कुणाची तरी आजी होऊन जेवावं लागायचं. पावसाळ्यापर्यंत चांगली बाळसं धरायची. ती म्हणाली, "तुज्या सासूच्या पानार मी बसतंय. दर खेपेक बसतंय."

माय हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "नाय गो इंतरू. तू माज्या आवयच्या पानार बस." आणि तशीच उठून मागच्या दाराने गडग्याकडे गेली. मी मागोमाग.

मामा पलीकडे जुनं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. त्या जाळ्यातून आता मासा काय, शिंपलाही येणार नव्हता, पण बसायला काहीतरी हवं. मायने गडग्यावरचे कोंब आलेले दोन नारळ बाजूला सारले आणि म्हणाली, "मामा, सासूबायच्या पानार बसाक माणूस नाय."

"इंतरू मेली काय?"

"तिका दुसरीकडे बसयलंय."

"मगे दुसरी बायल बग. माका कित्याक सांगतस? माजी शपथ सगळ्या गावाक म्हायत आसा."

"तुमची शपथ आमच्या घरच्या अन्नाची," माय म्हणाली. "ह्या जेवण आमच्या घरचा खंय? ता मेलेल्यांचा. ता संपल्याबिगर आमका तोंडात शीत घालूक गावणा नाय. ता तुमच्या भयणीचा अन्न, मामा. तिणा तुमका कडेर घेवन वाढयल्यान. एक दीस तिचा पान तुमका जड जाता तर तसा सांगा. मी ता रिकामा ठेवतंय. पण दुसऱ्या कोणाक बसवूची नाय."

मामाने जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं. म्हणाला, "सालूक इचारलंस?"

"तेका काय इचारूचा? आवय तेची, पण भयण तुमची."

मामा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. माय तशीच वळली आणि घरात येऊन पापांना सांगून टाकलं, लपवाछपवी तिला जमतच नसे. पापा भडकले. इतक्या वर्षांनी मुलीच्या लग्नाला आलेला माणूस, आणि त्याच्याच माटवात हे! "तो हय इलो तर मी माटवातसून भायर," ते ओरडले. "मी सांगान सोडलंलय!"

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जावा तर. तुमच्या नावाचा पण एक पान घालतंय."

लुसी रडता रडता फिसकन हसली. बोटीवर मोठमोठे साहेब ज्याच्या रस्स्याला नावाजत, त्याला बायकोने जिवंतपणी मेलेल्यांच्या पंगतीत बसवलं होतं. ते तरातरा विहिरीकडे गेले आणि नसलेलं काम शोधत बसले.

जेवणाच्या दिवशी माटवात चटया घातल्या, केळीची पानं मांडली. उकड्या तांदळाचा भात, सुक्या सुंगटांची कढी, लाल भोपळ्याची भाजी आणि शेवटी गोडशें, म्हणजे चण्याची डाळ, गूळ आणि नारळाचा रस घालून केलेली दाट खीर. त्या खिरीचा वास आणि आमची उपाशी पोटं, माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. गरीब मंडळी आपापल्या पानावर बसली. आजीचं पान रिकामं. त्याच्या शेजारचं पणजीचं पानही मायने आनमामीसाठी रिकामं ठेवलेलं. पापा पाण्याचा तांब्या घेऊन एका टोकाला उभे, तोंड फुगवलेलं. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. इंतरू म्हणाली, "अगो, कढी निवता. मी सरकतंय थय."

"रव," माय म्हणाली.

"पण किती वेळ गो?"

"रव सांगलंय मां!"

लुसी माझा हात घट्ट धरून उभी होती. ते पान जेवल्याशिवाय तिला रोस लागणार नव्हता, आणि माय दुसऱ्या कुणाला तिथे बसवणार नव्हती, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. मला मात्र लग्नाचं काही नव्हतं. सकाळी मीसुद्धा कौलांकडे बघितलं होतं, आणि धूर नव्हता.

तेवढ्यात मागे गडग्यावरून नारळ घरंगळल्याचा आवाज आला. एक, मग आणखी एक. मामा रस्त्याने, दारातून येत नव्हता. दारात पाऊल ठेवायचं नाही हे पापांचं बोलणं त्याने पाळलं होतं! गडगा चढून, माडाला धरून तो उतरला आणि मग मागे वळून आनमामीला हात दिला. अंगात त्याच्या लग्नातला काळा कोट, मे महिन्याच्या त्या उकाड्यात. कोट इतका सैल झालेला, की आत कोणी आहे की नाही असं वाटावं. सरळ येऊन तो आजीच्या पानावर बसला. कुणाकडे बघितलं नाही. दोन्ही हात पानाच्या वर ओंजळीसारखे धरले.

पापा हातांवर पाणी घालत ओळीने येत होते. इंतरूच्या हातावर घातलं आणि मामापाशी येऊन थांबले. माय भाताचा टोप कडेवर घेऊन उभी होती. मामाचे हात थरथरत होते. पापांनी तांब्या वाकडा केला, पण ओंजळ हलत होती, पाणी सगळं चटईवर सांडलं. दुसऱ्यांदाही तसंच. मग पापा खाली बसले. गुडघ्यावर. डाव्या हाताने त्यांनी मामाचे दोन्ही हात खालून धरले, मुलाचे धरावेत तसे, आणि उजव्या हाताने सावकाश पाणी घातलं. आपल्याच खांद्यावरच्या पंच्याने पुसले. मी ख्रिस्तपुराणं पुष्कळ ऐकली आहेत, पायऱ्यांवर बसून, बाकावर बसून. पण विश्वास म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांपुढे ते चार हात येतात.

मामा जेवला. हळूहळू, एक एक शीत गोळा करत. माय वाढत होती, तो नको म्हणत नव्हता, कारण तो जेवतच नव्हता, आजी जेवत होती. आनमामी पदराआड रडत रडत जेवली. शेवटी उठताना जो तो घराला आशीर्वाद देतो, मेलेल्याच्या वतीने. सगळ्यांनी दिला. मामाची पाळी आली तेव्हा तो पापांकडे बघून म्हणाला, "बाबूश, पोट भरला रे माजा."

बाबूश! त्या नावाने पापांना फक्त आजी हाक मारायची. तिच्यामागे ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. पापा तांब्या तिथेच टाकून विहिरीच्या मागे गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "चुलीचा धूर गेलो." चूल घराच्या दुसऱ्या बाजूला होती, पण त्या दिवशी मायने त्यांना तेवढी सूट दिली.

आता तुम्हाला वाटेल, संपलं भांडण, गोड झालं सगळं. छे! दुसऱ्या दिवशी लग्नाचं जेवण होतं, इडलीसारखी सान्नां होती, कोंबडी होती. मामा आला, त्याच काळ्या कोटात माटवात बसला, लुसीला आशीर्वाद दिला आणि पाण्यालासुद्धा शिवला नाही. ते घरचं जेवण होतं ना! शपथ ती शपथ. पापांनी कपाळावर हात मारला. मायने मात्र फक्त मान हलवली, जणू तिला हे आधीच माहीत होतं. आणि पुढच्या सोमवारी आमच्या पडवीत दोन पानं मांडली गेली. "आज सासऱ्याचा पान," मायने गडग्यावरून हाक दिली. "आनी तेंच्या थोरल्या भयणीचा." मामा गडगा चढून आला, मागे आनमामी, हातावर पाणी घेतलं आणि जेवला.

मंगळवारी मायच्या वडिलांचं पान. बुधवारी कुठल्याशा लांबच्या आतेचं, जिचं नावही पापांनी कधी ऐकलं नव्हतं. आमचे मेलेले संपले तेव्हा मायने शेजारच्या जानकीकाकूकडे मागितले. जानकीकाकू हसली आणि म्हणाली, "माज्या सासऱ्याक घाल गो, पण सोमवारी तेका मासो वाढू नको हां." मग सोमवारी जानकीकाकूच्या सासऱ्यासाठी वालीची उसळ व्हायची आणि मामा ती तोंड वाकडं करत खायचा. मायने कधी मामाला शपथ मोडायला सांगितली नाही, त्याच्या पाठीमागे हसली नाही, आणि आम्हाला हसू दिलं नाही. "तेणा देवाक शब्द दिल्यान, तो तेका पाळूंदे," म्हणायची. "आपण आपला काम करूया." रोज सकाळी ती अजूनही त्या कौलांकडे बघायची, पण भांडी आपटायची नाही. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगला. कोट पुन्हा अंगाला बसायला लागला.

मामा गेला तेव्हा पापा बोटीवरचं काम सोडून कायमचे घरी आलेले होते. लुसीला मुलं झाली होती. महिन्याची मीस झाली, आम्ही इगर्जीतून घरी आलो आणि मायने पडवीत पान मांडलं. रोजच्यासारखंच, फक्त हाक मारली नाही. आनमामी चटईवर आपल्या जागी येऊन बसली. मला वाटलं, माय आता इंतरूला बोलावणं पाठवेल, पण इंतरूही तोवर राहिली नव्हती.

"आज पास्कूमामाचा पान," माय म्हणाली, आणि उभी राहिली.

पापा आरामखुर्चीतून उठले. चपला काढल्या, येऊन त्या पानावर बसले आणि दोन्ही हात पुढे केले. मायने तांब्यातून पाणी घातलं. पापा जेवले, सगळं, कढीत मीठ कमी आहे असं एकदाही न म्हणता. मग पान दुमडून उठले. उठताना आशीर्वाद द्यायचा असतो, मेलेल्याच्या वतीने. पापांनी गडग्याकडे बघितलं, आणि मामाच्या त्या हट्टी आवाजात मायला म्हणाले, "सालूक सांग, तो माड माजोच."

"सांगतंय," माय म्हणाली.